कोणत्या गावचं गाणं

विक्की लोनबलेकडे बारा हजारांवर गाणी होती आणि त्यांतली निम्मी सिंदेवाहीत दुसऱ्या कोणी ऐकलेली नव्हती. याचा त्याला अभिमान होता. डीजेचा धंदा त्याच्या आधी गावात तिघांनी सुरू केला होता. त्यांचे बॉक्स मोठे होते, लाईट जास्त होते, पण गाणी तिघांचीही तीच. विक्कीचं म्हणणं असं की जे गाणं पानठेल्यावर वाजतं, स्टँडवर वाजतं, पोट्ट्यांच्या मोबाइलवर वाजतं, तेच आपण मोठ्या आवाजात लावायचं तर आपलं त्यात काय राहिलं?

म्हणून तो गाणी शोधायचा. चंद्रपुरात कॅसेटचं एक दुकान बंद झालं तेव्हा त्याने तिथून दोन पोती कॅसेटा उचलून आणल्या होत्या. त्यांत कव्वाल्या होत्या, छत्तीसगडी गाणी होती, भंडाऱ्याकडच्या कुठल्या तरी ऑर्केस्ट्राने स्वतःच भरलेल्या टेप होत्या, ज्यांच्यावर गाणाऱ्याचं नावही नव्हतं. तो त्या लॅपटॉपवर उतरवी, खरखर काढी आणि खाली नवा ताल जोडी. लग्नसराईच्या आधीचे दोन महिने त्याचं हेच चाले. बायको दिव्यानी त्याच खोलीत शिवणकाम करायची. एखादं गाणं आवडलं तर ती मशीन थांबवायची. पण चांगलं गाणं वेगळं आणि वरातीत चालणारं गाणं वेगळं, असंही ती त्याला सांगायची.

ते त्याला पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात कळलं. एप्रिलचा महिना, दुपारचे चार. पुढे विक्कीची पिकअप, मागे तोंड करून ठेवलेले बॉक्स, त्यामागे नाचणारे आणि त्यांच्या मागे सजवलेल्या जीपमध्ये नवरदेव. पहिली दोन गाणी सगळ्यांच्या ओळखीची होती, त्यांवर धुरळा उडाला. तिसरी त्याने आपली कव्वाली लावली. तिच्यावर त्याने अकरा दिवस काम केलं होतं. नाचणाऱ्यांचे हात खाली आले. काहींनी खिशातून मोबाइल काढले. विक्कीला वाटलं, लोक ऐकताहेत. त्याने चौथंही आपलंच लावलं, आणि पाचवंही. तोवर पोरं रस्त्याकडेच्या घरांच्या सावलीत जाऊन बसली होती. नाचणाऱ्यांशिवाय वरात पुढे नेणं बरं दिसत नाही, म्हणून जीप जागेवरच उभी राहिली.

नवरदेवाचा मामा झिंगू हा पोक्त माणूस होता. तो पिकअपजवळ आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "बाबू, तुह्यी गानी खराब नाईत. पन आमाले येत नाईत. आमाले जे येते ते लाव."

विक्कीने लावलं. लोक उठले, नाचले, वरात मांडवात पोचली, पण मुहूर्त टळून गेला होता. दुसरा मुहूर्त पाहून लग्न लागलं. ही बातमी पिकअपच्या आधी सिंदेवाहीत पोचली. पिकअप चालवणारे सुकलूभाऊ पन्नाशीचे होते आणि मोजकंच बोलायचे. परतीच्या वाटेवर मूल गाव आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की मामाचं काही चुकलं नाही.

घरी दिव्यानीने त्याला जेवायला वाढलं. तो जेवत नाही असं पाहून ती म्हणाली, "लोक लग्नात नाचाले येतात जी, शिकाले नाई येत."

त्यानंतरची दोन वर्षं विक्कीने ओळखीचीच गाणी लावली. त्याने एक पेन ड्राइव्ह वेगळा केला आणि त्यात चाळीस गाणी भरली. आधी लहान पोरांचं एक, कारण पोरं सगळ्यांत आधी नाचतात आणि त्यांच्यामुळे मोठ्यांची लाज जाते. मग जवान पोट्ट्यांची चार. मग मावश्या-काकूंच्या तरुणपणचं एक. मांडव दिसू लागला की सगळ्यांना पाठ असलेलं. ही क्रमवारी त्याला इतकी बसली होती की तो टेबलाशी उभा राहून चहा प्यायचा आणि बोट आपोआप बटणावर जायचं. त्याचं नाव झालं. विक्कीची वरात थांबत नाही, असं लोक म्हणू लागले. कॅसेटांची पोती माळ्यावर गेली. नवरा शहाणा झाला असं दिव्यानीला वाटलं. मग काही महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की तो आता घरात गाणंच ऐकत नाही.

अजय हा विक्कीचा शाळेपासूनचा मित्र. तो सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात कामाला होता. त्याचं गावातल्याच दवाखान्यात नर्स असलेल्या दीपिकाशी जमलं. दीपिका माडिया गोंड समाजाची, एटापल्लीच्या पुढच्या वेडमेट्टा गावची. दोन्ही घरांनी थोडा वेळ घेतला, पण हो म्हटलं. लग्न सिंदेवाहीत झालं आणि तिसऱ्या दिवशी दीपिकाच्या गावाने जेवण ठेवलं. अजयला वाटलं की सासरी आपला मित्र डीजे घेऊन आला तर शोभा येईल. विक्कीची आई रुखमाबाईही निघाली. अजय तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला होता आणि एवढ्या दूर जंगलात ती कधी गेली नव्हती.

निघण्याआधी विक्कीने तयारी केली. त्याला गोंडी येत नव्हती. त्याने मोबाइलवर गोंडी गाणी शोधली, तेव्हा शेकडो सापडली. काहींना लाखो लोकांनी पाहिलं होतं, काहींना दोनशे-तीनशेंनी. त्या कमी पाहिलेल्यांतली दोन त्याला फार आवडली. पण पोंभुर्ण्याची दुपार त्याला आठवत होती. त्याने सगळ्यांत जास्त पाहिलेली दहा गाणी पेन ड्राइव्हमध्ये घातली आणि ती दोन सोडून दिली.

पहाटे निघालेली पिकअप मूल, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत एटापल्लीला आली आणि तिथून कच्च्या रस्त्याने वेडमेट्ट्यात पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. दीपिकाचे वडील कोलू यांनी गाडी कुठे लावायची ते स्वतः चालत जाऊन दाखवलं. देवाच्या जागेकडे बॉक्सचं तोंड नको, एवढं त्यांनी सांगितलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला चिंचेखाली गाडी लागली. विक्कीने जनरेटर सुरू केला आणि पहिलं गाणं लावलं.

एटापल्ली-आलापल्लीला शिकणारी पोरं-पोरी लगेच उठली. हे गाणं त्यांच्या मोबाइलवर होतं. त्यांनी पहिल्या तिन्ही गाण्यांवर चांगला नाच केला आणि विक्कीला वाटलं, जमलं. पण बाया आणि म्हातारी माणसं झाडांच्या सावलीत बसून होती. त्यांना राग आलेला नव्हता. पाहुणे आपल्याकडची वस्तू दाखवतात तेव्हा माणसं बघतात, तशी ती बघत होती.

चौथं गाणं सुरू असताना दीपिकाची आत्या सोमारी पिकअपजवळ आली. साठीच्या पुढची, सडपातळ बाई. तिने बॉक्सच्या जाळीवर हात ठेवून तो किती थरथरतो ते पाहिलं. मग दीपिकाला हाक मारून काहीतरी विचारलं. दीपिका हसली आणि विक्कीला म्हणाली, "आत्या विचारून राह्यली, हे कोन्त्या गावचं गानं हाय?"

विक्कीने गाणाऱ्याचं नाव सांगितलं. आत्याने मान हलवली. तिला नाव नको होतं, गाव हवं होतं. विक्कीने मोबाइल काढला, पण तिथे नेटवर्क नव्हतं, आणि असतं तरी त्यावर गाव लिहिलेलं नसतं हे त्याला माहीत होतं. त्याने खरं ते सांगितलं, की माहीत नाही. बहुतेक छत्तीसगडकडचं असेल.

सोमारी पुन्हा बोलली. दीपिकाने सांगितलं, "ती म्हनते, त्याचे शब्द थोडे समजते, थोडे नाई. ते तिकडच्या लोकाईचं हाय. आता तुमी इतक्या दुरून आले, तं तुमच्या गावचं लावा."

"आमच्या गावचं?"

"हो जी. सिंदेवाहीचं."

विक्की पेन ड्राइव्हकडे पाहत राहिला. त्यात चाळीस आणि ही दहा. लॅपटॉपमध्ये बारा हजार. मुंबईची होती, रायपूरची होती, हैदराबादची होती, पंजाबची होती. सिंदेवाहीचं एकही नव्हतं. तो तसं म्हणाला. दीपिकाने ते आत्याला सांगितलं तेव्हा सोमारीचा विश्वास बसला नाही. मग तुमच्याकडे बाया काम करताना काय करतात, तोंड मिटून बसतात का, असं तिने विचारलं.

हे रुखमाबाईने ऐकलं. ती जवळच चिंचेच्या मुळावर बसली होती. ती म्हणाली की तोंड काय मिटतात, रोवणीत दिवसभर गाणं चालते. धानाच्या चिखलात वाकून पऱ्ह्याचं एकेक रोप लावायचं, कंबर मोडते, गाण्याशिवाय ते काम होतच नाही. दीपिकाने हे समजावलं तशी सोमारी तिच्यासमोर येऊन मांडी घालून बसली.

रुखमाबाईने आधी नाही म्हटलं. इतक्या लोकांत कसं म्हणायचं, आणि हे काही लग्नाचं गाणं नाही. विक्कीने माइक पुढे केला तेव्हा तिने तो हाताने बाजूला सारला. जनरेटर बंद कर म्हणाली. मग पदर सारखा करून, जमिनीकडे पाहत, तिने म्हटलं:

"हाती पऱ्ह्याची जुडी, पाय चिखलात जाय,
सांग वं बाई, तुह्या गावी कोन हाय?"

आणि आपणच उत्तर दिलं, "नवरगावी माही माय." नवरगाव तिचं माहेर. रांगेत रोवणाऱ्या बायांतली एकेक जण आपल्या माहेरचं नाव घेते आणि तिथे आपलं कोण आहे ते सांगते, अशी त्या गाण्याची रीत होती. ज्यांचं कोणी उरलं नाही, त्या विहिरीचं किंवा झाडाचं नाव घेतात.

दीपिकाने हे आत्याला सांगितलं. मग सोमारीने आपल्या गावाचं नाव घेऊन तिच्या बोलीत एक ओळ म्हटली. तिच्या मागच्या बायांनी ती उचलली आणि थोड्याच वेळात त्या उठून एकमेकींच्या कमरेत हात घालून रेला नाचाची रांग धरून उभ्या राहिल्या. त्यांचं एक कडवं झालं की त्या थांबायच्या आणि रुखमाबाईकडे पाहायच्या. मग रुखमाबाई आपलं म्हणायची. बॉक्स बंद होते. शाळेतली पोरंही येऊन उभी राहिली. विक्कीने हे रेकॉर्ड केलं नाही. त्याला ते सुचलंच नाही. जेवणं झाल्यावर त्याने पुन्हा दोन-चार ओळखीची गाणी लावली, त्यांवर पोरं नाचली, आणि उजेड असताना गाड्या परत निघाल्या.

वाटेत त्याने आईला विचारलं की असली किती गाणी येतात.

"कोन मोजते?" ती म्हणाली. "कामाची हायेत. काम निंगते तशी येतात."

जूनमध्ये त्याने तिला घरी खुर्चीत बसवून रेकॉर्ड केलं. आवाज स्वच्छ आला, पण गाणं निर्जीव आलं. ती शब्द शब्द सुटा म्हणत होती, शाळेत कविता म्हणून दाखवावी तशी. तिलाही ते कळत होतं. हात रिकामे असले की गाणं येत नाही, असं ती म्हणाली.

म्हणून जुलैत रोवणी लागली तेव्हा विक्की माइक घेऊन इतवारीबाईच्या धानाच्या बांधीत गेला. चौदा बाया रांगेत होत्या, डोक्यावर प्लास्टिकचे कागद, वरून झिमझिम पाऊस. तो बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर माइक धरून उभा राहिला आणि सगळ्या गप्प झाल्या. एक जण हसायला लागली, मग सगळ्याच. असा पाऊण तास गेला. इतवारीबाई त्या रांगेची म्होरकी, वयाने रुखमाबाईएवढी. तिने त्याला सांगितलं की तिथे उभं राहून कोणी गाणं म्हणणार नाही, आला आहेस तर पऱ्हे वाहा.

विक्कीने माइकला प्लास्टिक गुंडाळलं, काठीला बांधून ती धुऱ्यावर रोवली, रेकॉर्डर चालू ठेवला आणि पँट वर करून चिखलात उतरला. पऱ्ह्यांच्या जुड्या उचलायच्या आणि रांगेच्या मागे फेकायच्या, हे काम त्याने शाळेत असताना केलं होतं. तासाभरात त्याची कंबर धरली. दुपारपर्यंत बाया त्याला विसरल्या, आणि खरं तर तोही माइक विसरला. गाणं कधी सुरू झालं ते त्याच्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन ऐकलं तेव्हा चार तासांचं रेकॉर्डिंग होतं. त्यात पाऊस होता, शेजारच्या बांधीतला ट्रॅक्टर होता, भांडणं होती, सासवांच्या गोष्टी होत्या. मधे कुठेतरी अकरा मिनिटं ते गाणं होतं. चौदा बायांची चौदा गावं. आणि गाण्याखाली एक आवाज सारखा येत होता, एका लयीत. पाय चिखलातून निघतो तेव्हाचा. विक्कीने तोच आवाज घेतला, थोडा जड केला आणि त्याचा ताल केला. वेगळा ताल जोडायची गरजच पडली नाही. दोन वर्षांनी तो पुन्हा रात्रंदिवस लॅपटॉपला चिकटला. एका दुपारी दिव्यानीची मशीन थांबली. ती उठून जवळ आली आणि त्याच्या मागे उभी राहून तिने ते सगळं ऐकलं. या वेळी वरातीत चालणार नाही असं ती म्हणाली नाही.

रुखमाबाईला मात्र ते आवडलं नाही. विक्कीने नाचता यावं म्हणून वेग वाढवला होता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतक्या घाईनं रोवलं तं पऱ्हे उलटे लागतीन." त्याने वेग कमी केला. पुन्हा ऐकवलं. तिने अजून कमी करायला लावला. शेवटी तो चालण्याच्या वेगावर येऊन थांबला.

पुढच्या मे महिन्यात इतवारीबाईच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगी पाथरीकडची, रंजीता नावाची. संध्याकाळी पाचची वरात. विक्कीने आपली नेहमीची क्रमवारी ठेवली आणि पाचव्या-सहाव्या गाण्याच्या मधे रोवणीचं गाणं घातलं. दोन ओळखीच्यांच्या मधे एक अनोळखी, म्हणजे पडलं तरी सावरता येईल.

ते पडलं. समोरच्या पोरांचे हात खाली आले. विक्कीला ती खूण पाठ होती. एकाने खिशात हात घातला, दुसरा पाणी प्यायला गेला. विक्कीचं बोट पुढच्या गाण्याच्या बटणावर गेलं. त्याने ते दाबलं असतं. पण सुकलूभाऊंनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. त्यांना बाजूच्या आरशातून मागचं दिसत होतं.

"विक्की, मागच्या बाया धावून राह्यल्या."

"काऊन?"

"आयकाले."

विक्कीने टेबलावर चढून पाहिलं. पोरांच्या मागे नवरदेवाची जीप होती, तिच्या मागे वऱ्हाडातले पुरुष, आणि अगदी शेवटी, चाळीस-पन्नास पावलांवर, बाया. आजवरच्या प्रत्येक वरातीत त्या तिथेच असायच्या आणि त्याने त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याची सगळी क्रमवारी बॉक्सच्या समोरच्या वीस पोरांकडे पाहून बसवलेली होती. आता त्या बाया पदर खोचून, पोरं कडेवर घेऊन पुढे यायला बघत होत्या, आणि जीपमुळे वाट मिळत नव्हती.

त्याने सुकलूभाऊंना गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला सांगितली. भाऊंनी चाक वळवलं. पिकअप बाभळीखाली उभी राहिली आणि विक्कीने हाताने खूण करून जीपला पुढे जाऊ दिलं. पोरं गोंधळली, वऱ्हाडातल्या एकाने हे काय चाललं म्हणून विचारलं, नवरदेव मान वळवून बघू लागला. सगळे पुढे सरकले आणि बाया पिकअपसमोर आल्या. त्याने गाणं पहिल्यापासून लावलं.

त्यांतल्या चौदा जणींनी आपलाच आवाज ओळखला आणि त्या लाजून एकमेकींच्या मागे लपल्या. बाकीच्यांना ते आवाज माहीत नव्हते, पण गाणं माहीत होतं. रोवणी सगळ्यांनीच केलेली होती. मधे जागा करून त्या रांगेत उभ्या राहिल्या. 'तुह्या गावी कोन हाय' आलं की बॉक्समधून एक गाव यायचं आणि त्याच्यावर आवाज चढवून समोरची बाई दुसरंच सांगायची. गुंजेवाहीले माहा भाऊ. राजोलीले चुलती. बॉक्समधली बाई आणि रस्त्यावरची बाई एकाच वेळी बोलायच्या आणि कोणतंच गाव धड ऐकू यायचं नाही. तरी त्या नाचल्या. इतवारीबाई तर वरमाय, तिने पैठणीचा काठ मुठीत धरून, जरा वाकून, रोवणीचेच हात केले. पुढे गेलेली पोरं परत आली आणि कडेला उभी राहून बघू लागली. दोघा-तिघांना त्यांच्या आयांनी हाताला धरून ओढलं.

सात मिनिटं लागली. मुहूर्ताला अवकाश होता. मग विक्कीने सगळ्यांना पाठ असलेलं गाणं लावलं, पिकअप पुन्हा पुढे गेली आणि वरात मांडवात पोचली. तिथे एका माणसाने त्याला बजावलं की वरातीत डीजे पुढे असतो, असं मधेच कडेला लागायचं नसते. विक्कीने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या गाण्यातली चौदाही गावं कापून टाकली. प्रश्न ठेवला आणि उत्तराच्या जागी नुसता चिखलातल्या पायांचा आवाज, चार मात्रा. दिव्यानीने विचारलं की इतक्या मेहनतीने आणलेले आवाज काढून काऊन टाकले. तो म्हणाला की तिथे ज्या असतील त्या म्हणतील. इतवारीबाईला मात्र तिचं गाव गाण्यात हवं होतं. तिने दोनदा निरोप पाठवला. शेवटी विक्कीने तिच्यासाठी गावं असलेलं जुनं गाणं एका मेमरी कार्डात भरून दिलं. ती ते मोबाइलवर लावून शेतावर जाते.

आता बुकिंगला कोणी आलं की विक्की तारीख विचारतो, रस्ता विचारतो, आणि मग वरातीत बाया किती आणि कुठल्या हेही विचारतो. लोकांना ते विचित्र वाटतं. ज्या वरातीत शेतावरच्या बाया जास्त, तिथे तो गाडी एकदा कडेला घेतो. सुकलूभाऊ जागा आधीच हेरून ठेवतात. माळ्यावरची पोती त्याने खाली काढली आहेत. त्यांतलं काही वरातीत चालेल असं त्याला वाटत नाही, पण संध्याकाळी तो ऐकतो.

दर वेळी जमतंच असं नाही. मागच्या महिन्यात ब्रह्मपुरीत एका लॉनमधलं लग्न होतं. वरात अवघी दोनशे पावलांची. बाया बऱ्याच होत्या, आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या, पण चांगल्या साड्या, हातात मोबाइल. विक्कीने गाडी कडेला घेतली आणि गाणं लावलं. प्रश्न आला. चार मात्रा रिकाम्या गेल्या. दुसऱ्यांदा प्रश्न आला, तेव्हा एका म्हातारीचे ओठ हलले, पण तिने आजूबाजूला पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. बाकीच्या वाट पाहत उभ्या होत्या, की हे संपून नाचायचं गाणं कधी लागतं. विक्कीने तिसऱ्या प्रश्नापर्यंत थांबून पाहिलं. मग आवाज हळूहळू उतरवला आणि पोरांचं गाणं लावलं. बाया हसल्या, हात वर झाले आणि सुकलूभाऊंनी गाडी पुढे घेतली.